अंगठा कुठे आहे? वजन उचलण्याच्या पकडींचा इतिहास आणि आपले सांधे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सहकारी बँकेत नोकरी करणारे, साधारण ४२ वर्षांचे गृहस्थ डावा हात उजव्या हातात धरून दवाखान्यात आले. कोपराच्या पुढच्या बाजूला जांभळा-हिरवा डाग पडला होता. दंडाचा फुगवटा नेहमीच्या जागेवरून वर खांद्याकडे सरकलेला दिसत होता. चार दिवसांपूर्वी जिममध्ये डेडलिफ्ट करताना "कापड फाटल्यासारखा" आवाज आला होता. तिथल्या मुलाने सांगितले, "काका, मसल खेचला गेलाय, शेकून घ्या." त्यांनी चार दिवस तेल लावून चोळले आणि शेकही घेतला.

मी त्यांना कोपर काटकोनात वाकवून तळवा वर करायला सांगितला आणि माझी तर्जनी कोपराच्या पुढच्या बाजूने, बाहेरून आत, आकड्यासारखी अडकवून पाहिली. तिथे जाड दोरीसारखा स्नायुरज्जू बोटाला लागायला हवा. उजव्या हाताला तो लागला, डाव्या हाताला बोट मोकळेच आत गेले. दंडाचा बायसेप्स स्नायू ज्या रज्जूने पुढच्या हाताच्या हाडाला बांधलेला असतो, तो हाडापासून सुटला होता.

"डॉक्टर, वजन मी पाठीने आणि पायांनी उचलत होतो, मग तुटलं हाताचं कसं?" त्यांनी विचारले. मी त्यांना बार कसा पकडला होता ते दाखवायला सांगितले. त्यांनी उजवा तळवा स्वतःकडे आणि डावा तळवा पुढे, असे हात धरून दाखवले. याला मिक्स्ड ग्रिप म्हणजे मिश्र पकड म्हणतात. तुटला होता तो पुढे वळवलेल्या तळव्याचा हात. हे ऐकल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "सगळेच असं पकडतात. ही पकड काढली तरी कोणी आणि कशासाठी?"

प्रश्न उत्तम होता. वजन उचलण्याची प्रत्येक पकड कुठली तरी अडचण सोडवण्यासाठी जन्माला आली. अडचण लक्षात आली की धोकाही लक्षात येतो. म्हणून आज औषधांची चर्चा बाजूला ठेवून थोडा इतिहास पाहू.

हात वजन धरतो म्हणजे काय करतो?

१९५६ मध्ये जॉन नेपिअर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने माणसाच्या हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार सांगितले, ताकदीची पकड आणि अचूकतेची पकड. हातोडा धरतो ती पहिली, सुई धरतो ती दुसरी. ताकदीच्या पकडीत चार बोटे वस्तूला तळव्यावर दाबतात आणि अंगठा समोरून येऊन मूठ बंद करतो. मूठ एखादी पेटी मानली, तर अंगठा ही तिची कडी.

अंगठ्याचे मोल किती, हे अपंगत्वाच्या मोजणीवरून कळते. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत अख्ख्या हाताच्या कामापैकी ४० टक्के वाटा एकट्या अंगठ्याला दिलेला आहे. उरलेल्या चार बोटांत मिळून ६० टक्के.

आता गोल दांडा मुठीत धरून लटकवला, तर तो सरळ खाली पडत नाही, तो आधी फिरतो. बोटांच्या टोकांकडे घरंगळत जातो आणि बोटे एकेक करून उघडतात. म्हणजे वजन उचलणाऱ्याची लढाई केवळ जडपणाशी नसते, दांड्याच्या या फिरण्याशीही असते. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे.

दगडापासून सुरुवात

ग्रीसमधल्या ऑलिंपिया इथे लाल वालुकाश्माचा एक दगड सापडला आहे. वजन १४३.५ किलो, काळ इसवी सनापूर्वीचे सहावे शतक. त्यावर लेख कोरलेला आहे की बायबॉन नावाच्या माणसाने तो एका हाताने डोक्यावरून फेकला. हे खरे मानायचे की नाही यावर अभ्यासकांत वाद आहेत. मला मात्र त्या दगडातली दुसरी गोष्ट जास्त रस घेण्यासारखी वाटते. त्यात हाताने धरण्यासाठी खोबण केलेली आहे. माणसाने जड वस्तू उचलण्याचा छंद धरला, तेव्हापासूनच 'धरायचे कुठे' हा प्रश्न त्याच्यासमोर होता.

आपल्याकडच्या तालमींनी हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. गावच्या मारुतीच्या देवळापाशी गुळगुळीत गोल गोटा पडलेला असतो. त्याला मूठ नसते, म्हणून तो कवेत घेऊन छातीशी लावून उचलावा लागतो. नालेला मात्र दगडातच कोरून काढलेली मूठ असते. गदा आणि करेला यांची मूठ बारीक, पण वजन टोकाला, त्यामुळे तिथे मनगटाची परीक्षा. आपले वस्ताद पुस्तकी शरीरशास्त्र शिकलेले नव्हते, पण मूठ बदलली की कुठला सांधा राबतो हे त्यांना अनुभवाने माहीत होते. बडोद्याहून निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'च्या खंडांमध्ये या देशी साधनांचे ज्ञान मराठीत नोंदवले गेले, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

स्कॉटलंडमध्ये डी नदीच्या पुलाजवळ लोखंडी कड्या बसवलेले दोन दगड आहेत. दोन्हींचे मिळून वजन सुमारे ३३२ किलो. १८६० मध्ये डोनाल्ड डिनी या मल्लाने ते दोन हातांत धरून पूल ओलांडला, असे सांगतात. तिथे अडचण कडीची होती. कडी बोटांत रुतते आणि हळूहळू बोटे सरळ करत जाते.

जाड दांड्यांचे दिवस

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात ताकदीचे खेळ रंगमंचावर आणि सर्कशीत होत. तेव्हाचे कसरतपटू आपली वजने मुद्दाम अवघड बनवत, म्हणजे प्रेक्षकांतला एखादा धट्टाकट्टा गडी येऊन ती उचलणार नाही. अवघड करण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे वजन न वाढवता दांडा जाड करणे.

इंग्लंडच्या थॉमस इंच यांचे डंबेल प्रसिद्ध आहे. वजन सुमारे ७८ किलो. आजच्या मापाने फार नाही, जिममधले कितीतरी तरुण एका हाताने एवढे वजन जमिनीवरून उचलू शकतील. पण त्याची मूठ जवळजवळ ६० मिलिमीटर जाड होती. अशा मुठीवर अंगठा आणि बोटे एकमेकांना भेटतच नाहीत, पेटीला कडी लागत नाही. शिवाय दोन्ही बाजूंचे गोळे दांड्याशी एकजीव ओतलेले. डंबेल थोडे जरी कलले की पूर्ण वजन मुठीला पिळून बाहेर काढते. भलेभले पहिलवान तिथे हरले.

फ्रान्समध्ये अपोलॉन या नावाने गाजलेले लुई युनी रेल्वेच्या गाड्याची चाके आसासकट उचलत. वजन १६६ किलो आणि आसाची जाडी ४९ मिलिमीटर. आज पुरुषांच्या स्पर्धेतला बार २८ मिलिमीटरचा असतो, त्यावरून अंदाज येईल. ही चाके डोक्यावर नेणे पुढे कसोटीच मानले गेले. १९२४ चा ऑलिंपिक विजेता शार्ल रिगुलो याने १९३० मध्ये ते साधले. १९४९ मध्ये अमेरिकेचा जॉन डेव्हिस आणि १९५४ मध्ये नॉर्बर्ट शेमान्स्की.

यातला डेव्हिसचा किस्सा आपल्या विषयाचा आहे. त्याचे हात त्या आसाच्या मानाने लहान होते. सरळ पकडीत आस फिरून सुटत होता. तेव्हा त्याने एक तळवा पुढे आणि एक मागे अशी उलटसुलट पकड घेतली, चाके वर ओढली आणि हवेतच उलटा हात सुलटा करून ती खांद्यावर झेलली, असे वर्णन आहे. वाचतानाच माझ्यातला डॉक्टर घाबरतो. पण मिश्र पकडीचे तर्कशास्त्र इथे स्वच्छ दिसते. एका हातातून दांडा पुढे फिरू पाहतो, तर दुसऱ्यातून मागे. दोन्ही फिरणी एकमेकांना मारतात. दांडा जागच्या जागी थांबतो.

बारच फिरता झाला

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्याच्या दोन स्पर्धा होत्या, दोन हातांची आणि एका हाताची. दोन हातांच्या स्पर्धेत डेन्मार्कचा व्हिगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनीही १११.५ किलो उचलले. उचलण्याची पद्धत अधिक चांगली म्हणून येन्सनला विजयी ठरवले. त्याहून जास्त वजनाचा प्रयत्न करताना येन्सनला दुखापत झाली आणि एका हाताच्या स्पर्धेत तो ५७ किलोवर थांबला. एलियटने ७१ किलो उचलून ती जिंकली. म्हणजे या खेळाच्या ऑलिंपिक इतिहासाच्या पहिल्याच पानावर दुखापतीची नोंद आहे.

एका हाताचे प्रकार १९२४ पर्यंत ऑलिंपिकमध्ये राहिले आणि १९२८ पासून गेले. त्यानंतर प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे दोन हातांचेच तीन प्रकार उरले. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेसही काढून टाकला, कारण खेळाडू इतके मागे वाकून वजन ढकलू लागले की निर्णय देणे अवघड झाले आणि कंबरेची काळजी वाटू लागली.

या काळातला सर्वांत मोठा बदल मात्र लोखंडात झाला. न्यूरेम्बर्गच्या कास्पार बर्ग यांनी बनवलेला, टोके स्वतंत्रपणे फिरणारा बार १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये वापरला गेला. चकत्या आता बारभोवती स्वतःच्या स्वतः फिरू लागल्या आणि मनगट वळवताना सगळ्या चकत्यांना वळवण्याची गरज उरली नाही. पुढे स्वीडनमधल्या हाल्मस्टाडच्या एलाइको या कारखान्याने, जो आधी वॉफल भाजण्याची यंत्रे बनवत असे, १९५७ मध्ये बार बनवायला घेतला. १९६३ च्या स्टॉकहोम जागतिक स्पर्धेत तो बार वापरला गेला. लवचीक पोलाद, गुळगुळीत फिरणारी टोके, हाताला पकड मिळावी म्हणून कोरलेली खरखरीत नक्षी. मनगटे आणि कोपरे वाचवण्यात या बारचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडच्या अनेक जिममध्ये मात्र टोके गंजून जाम झालेला बार सर्रास दिसतो. त्याच्यावर क्लीन किंवा स्नॅच करणे म्हणजे शंभर वर्षे मागे जाऊन वजन उचलणे. बार हातात घेण्याआधी टोक बोटांनी फिरवून पाहा. फिरत नसेल तर त्यावर झटक्याचे प्रकार करू नका.

हुक पकड: अंगठा आत

ऑलिंपिक प्रकारांत मिश्र पकड चालत नाही, कारण बार खांद्यावर किंवा डोक्यावर न्यायचा असतो. मग बार सुटू नये म्हणून काय करायचे? खेळाडूंनी अंगठाच बार आणि बोटे यांच्यामध्ये घातला. आधी अंगठा बारभोवती, मग त्यावर तर्जनी आणि मधले बोट. ही हुक पकड. आंतरराष्ट्रीय भारोत्तोलन महासंघाच्या नियमपुस्तकात तिला नाव घेऊन परवानगी दिलेली आहे.

हिची गंमत अशी की बार फिरून निसटू लागला की तोच अंगठ्याला बोटांखाली आणखी दाबतो. म्हणजे वजन स्वतःच कडी घट्ट करते. पुढच्या हाताच्या स्नायूंना कमी आवळावे लागते आणि दोन्ही तळवे एकाच दिशेला राहतात, त्यामुळे दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर सारखा भार येतो.

किंमत अंगठा मोजतो. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तो चांगलाच दुखतो. नखाखाली दाब येतो, कातडी सोलवटते. बहुतेकांचे हे दुखणे सवयीने कमी होते. खेळाडू अंगठ्याला लवचीक चिकटपट्टी लावतात ती याचसाठी. मात्र अंगठ्याच्या मुळाशी सूज, बधिरपणा किंवा चिमटीत ताकद न राहणे ही लक्षणे सवयीची नाहीत. तिथे थांबायला हवे. ज्यांना अंगठ्याच्या सांध्याची झीज आहे, त्यांनी ही पकड वापरू नये.

इथे स्त्रियांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. स्पर्धेतला पुरुषांचा बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाड, तर स्त्रियांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटर जाड असतो. तीन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण लहान हाताच्या अंगठ्याला बोटांखाली जाता येते की नाही, हे तेवढ्यावर ठरते. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये झाली आणि ऑलिंपिकचे दार २००० मध्ये सिडनीत उघडले. त्याच पहिल्या वर्षी कर्णम मल्लेश्वरीने २४० किलो उचलून भारतासाठी कांस्यपदक जिंकले. तरीही आपल्या बऱ्याच जिममध्ये बारीक बार नसतोच. मग मुलींना "तुमच्या हातात ताकद नाही" असे ऐकावे लागते. खरे तर बार त्यांच्या हाताच्या मापाचा नसतो.

मिश्र पकड आणि तुटलेला बायसेप्स

पॉवरलिफ्टिंग हा वेगळा खेळ विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आकाराला आला. त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला. त्यातल्या डेडलिफ्टमध्ये बार मांडीपर्यंतच न्यायचा असतो, झेलायचा नसतो. मनगटाला बांधायचे पट्टे स्पर्धेत चालत नाहीत. त्यामुळे डेव्हिसने अडचणीत वापरलेली उलटसुलट पकड इथे घरोघरी पोहोचली. अंगठा न दुखवता जास्तीत जास्त वजन धरून ठेवण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता.

मग धोका कुठे? बायसेप्सची कामे दोन. कोपर वाकवणे आणि तळवा वर वळवणे. स्क्रू पिळताना तोच राबतो. तळवा पुढे वळवून, हात सरळ ताणून बार धरला की बायसेप्सचा रज्जू थेट भाराच्या रेषेत येतो. वजन जमिनीवरून सुटताना उचलणाऱ्याने नकळत कोपर किंचित जरी वाकवले, तर मांड्या आणि पाठ जे दीडशे किलो उचलणार होते, ते त्या एका रज्जूवर ओढ देतात. तळवा मागे असलेल्या हातात बायसेप्सचा सहभाग कमी असतो. म्हणून मिश्र पकडीत असा रज्जू तुटतो तो जवळजवळ नेहमी पुढे वळवलेल्या हाताचा. उजवे लोक सहसा डावा हात उलटा करतात. आमच्या बँकेतल्या गृहस्थांचा डावा हात का गेला, याचे उत्तर हे आहे.

ही दुखापत प्रामुख्याने मध्यमवयीन पुरुषांत दिसते. धूम्रपानाने धोका वाढतो. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडनेही वाढतो, कारण स्नायू भराभर वाढतो आणि रज्जू त्या वेगाने मजबूत होत नाही. तुटलेला रज्जू शेकून जुळत नाही. शस्त्रक्रिया न केल्यास कोपर वाकत राहते, पण तळवा पिळून वर वळवण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केली तर सोपी जाते, उशीर झाला की रज्जू वर आक्रसून चिकटतो. म्हणून चोळण्यात घालवलेले ते चार दिवस मला खुपले.

अंगठ्याशिवायची पकड: इथे मात्र तडजोड नाही

आता सर्वांत धोकादायक पकडीकडे येऊ. बेंच प्रेसमध्ये काही जण अंगठा बारभोवती न घालता बोटांच्याच बाजूला ठेवतात. बार तळव्याच्या टाचेवर, थेट पुढच्या हाताच्या हाडांवर येतो. मनगट कमी दुखते आणि वजन ढकलणे सोपे वाटते. म्हणूनच ती लोकप्रिय झाली. तिचे जिममधले नाव 'सुसाइड ग्रिप' आहे. नाव ठेवणाऱ्यांना धोका माहीत होता, असेच म्हणायचे.

डेडलिफ्टमध्ये बार सुटला तर जमिनीवर पडतो. बेंच प्रेसमध्ये बार आणि जमीन यांच्यामध्ये तुमची छाती आणि गळा असतो. घामाने ओला तळवा, किंचित मागे झुकलेले मनगट आणि समोर कडी नाही. बार एका क्षणात निसटतो आणि त्या क्षणात कोणालाही हात घालता येत नाही. गळ्यावर पडला तर श्वासनलिका आणि स्वरयंत्र चिरडते. छातीवर पडला तर फासळ्या तुटतात आणि हृदयाला मार बसतो.

बार निसटला की काय होते, हे २००९ मध्ये अमेरिकेत दिसले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा फुटबॉलपटू स्टॅफन जॉन्सन बेंच प्रेस करत असताना बार हातातून निसटून त्याच्या गळ्यावर पडला. त्याचे स्वरयंत्र चिरडले. कित्येक तासांच्या शस्त्रक्रियेने तो वाचला आणि पुढे पुन्हा खेळलाही. धडधाकट, प्रशिक्षित खेळाडू, विद्यापीठाची सुसज्ज व्यायामशाळा, तरीही हे घडले. मग रात्री दहा वाजता रिकाम्या जिममध्ये एकट्याने बेंच मारणाऱ्याचे काय?

पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या नियमांत बेंच प्रेससाठी अंगठा बारभोवती असणे सक्तीचे केले आहे. ज्यांचा सगळा खेळच जास्तीत जास्त वजनाचा आहे, त्यांनीही ही पकड नाकारली, एवढे आपल्यासाठी पुरेसे आहे.

पट्टे आणि रुंद पकड

मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे पट्टे सरावात उपयोगी आहेत, पण क्लीन करताना ते कधीही वापरू नका. क्लीन चुकला तर हात बारपासून सुटायला हवा. पट्ट्याने बांधलेला हात सुटत नाही आणि कोपर गुडघ्यावर आपटले तर मनगट मोडते.

स्नॅचमध्ये हात खूप रुंद ठेवावे लागतात आणि वजन डोक्याच्या किंचित मागे गेले तरी सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूला येतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या यानोश बरान्याईचे कोपर १४८ किलोच्या स्नॅचमध्ये निखळले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलले. १३९ किलोच्या क्लीन अँड जर्कच्या वेळी त्याच्या उजव्या कोपराला इजा झाली. तशाही स्थितीत तो तिसऱ्या प्रयत्नासाठी आला, पण वजन राहिले नाही. सुवर्णपदक एका किलोने हुकले आणि भारताला त्या स्पर्धेतले पहिले पदक, रौप्य, मिळाले. अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर ते पाहिले. त्याच्या जिद्दीला सलामच. पण तो खेळाडू होता, समोर देशाचे पदक होते आणि शेजारी वैद्यकीय पथक होते. आपण शनिवारच्या सकाळी जिममध्ये दुखरे कोपर घेऊन 'अजून एकदा' म्हणतो, तेव्हा यातले काहीच नसते.

मग आपण काय करावे?

१. बेंच प्रेस आणि डोक्यावर ढकलायच्या प्रत्येक प्रकारात अंगठा बारभोवतीच. अपवाद नाही.

२. एकटे असाल तर बेंचच्या दोन्ही बाजूंना आडव्या सुरक्षा दांड्या लावा. त्या नसतील तर बारच्या टोकांना क्लिप लावू नका, म्हणजे अडकलात तर बार कलवून चकत्या खाली सोडता येतील. त्याहून बरे म्हणजे त्या दिवशी डंबेल घ्या.

३. डेडलिफ्टचे हलके आणि मध्यम सेट दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवूनच करा. मूठ त्यानेच मजबूत होते. जड वजनाला हुक पकड हळूहळू शिका किंवा सरावात पट्टे वापरा.

४. मिश्र पकड वापरायचीच असेल तर शेवटच्या जड सेटपुरती. हात अदलाबदल करा, कोपरे दोरीसारखी सरळ ठेवा आणि बार झटक्याने उपटू नका.

५. घाम पुसा, खडूची पूड वापरा. पूड मना असलेल्या जिममध्ये द्रवरूप खडू चालतो.

६. 'टप्' असा आवाज, लगेच उमटणारा डाग, दंडाचा बदललेला आकार, यांपैकी काहीही झाले तर चोळू नका, शेकू नका. बर्फ लावा, हात झोळीत ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

आमच्या त्या गृहस्थांची शस्त्रक्रिया दुखापतीनंतर नवव्या दिवशी झाली. सहा महिन्यांनी ते पुन्हा वजन उचलू लागले, आधीपेक्षा कमी आणि दोन्ही तळवे स्वतःकडे ठेवून. परवा ते आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. त्याला जिमला जायचे होते आणि आई नको म्हणत होती. मी त्याचा रक्तदाब पाहिला, खांदे-कोपरे तपासली, सगळे उत्तम होते. टेबलावरचा लाकडी रूळ त्याच्या हातात दिला आणि म्हटले, "बार धरून दाखव."

त्याने मूठ आवळली. अंगठा बोटांच्या शेजारी, रूळाच्या वरच राहिला होता. कुठल्या तरी व्हिडिओत पाहिले होते म्हणे. मी काही बोलायच्या आधीच वडिलांनी पुढे होऊन त्याचा अंगठा धरला आणि रूळाखालून वळवून मुठीवर नीट ठेवला.